आलू, जाम आणि फल्ली : पुसलेल्या नकाशाच्या खुणा

पाचवीत असताना गुरुजींनी फळ्यावर भाज्यांची चित्रं काढली होती आणि एकेकाला उभं करून नावं विचारत होते. माझ्या वाट्याला कंद आला. मी ठणकावून म्हणालो, "आलू." गुरुजी म्हणाले, "आलू हिंदीत. मराठीत बटाटा म्हण." मी बटाटा म्हणून खाली बसलो. वर्ग हसला नाही, कारण वर्गातल्या सगळ्यांच्याच घरी आलू शिजायचा. पण त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. पुस्तकात असते ती मराठी, आणि आमची माय घरी बोलते ती चुकीची मराठी.

गाव नांदेड जिल्ह्यातलं. गुरुजी जीव लावून शिकवणारे होते, त्यांच्यावर माझा राग नाही. पुस्तकात बटाटा होता, त्यांनी बटाटा शिकवला.

पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं की ज्या 'शुद्ध मराठी' शब्दासाठी माझा आलू खोडला गेला, तो बटाटा पोर्तुगीज आहे. आणि पोर्तुगीजांचाही मूळचा नाही. कॅरिबियन बेटांवरच्या तायनो लोकांचा, रताळ्यासाठीचा तो शब्द. इंग्रजांचा 'पोटॅटो' त्यातूनच निघाला. उलट 'आलू' हा संस्कृत 'आलु', 'आलुक' म्हणजे कंद, यावरून आलेला. अळूवडीतला आपला अळूसुद्धा याच कुळातला मानला जातो. म्हणजे हिशेबच करायचा तर आमच्या मायचा शब्द जास्त जुना निघाला!

पण या पोस्टचा मुद्दा 'आमचा शब्द खरा, तुमचा खोटा' हा नाही. दोन्ही शब्द मराठीच आहेत, कारण मराठी माणसं ते पिढ्यान्‌पिढ्या बोलताहेत. माझा प्रश्न वेगळा आहे. एकाच राज्यात, एकाच भाषेत, एकाच कंदाला दोन नावं का? आणि कुठलं नाव कुठे, याला काही शिस्त आहे का?

आहे. आणि ती शिस्त म्हणजे इतिहास आहे.

थोडा विचार करा. बटाटा, पेरू, मिरची, भुईमूग, टोमॅटो ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतला उतरला, त्याआधी यातलं काहीच आपल्या ताटात नव्हतं. म्हणजे या वस्तूंना जुनं मराठी नाव असणं शक्यच नव्हतं. जिथे जी वस्तू ज्यांच्या हातून आली, तिथे त्यांचं नाव चिकटलं, किंवा लोकांनी ओळखीच्या वस्तूवरून नवं नाव पाडलं. त्यामुळे हे शब्द म्हणजे एक प्रकारच्या पावत्याच आहेत. माल कुठल्या वाटेने आला ते पावतीवर लिहिलेलं असतं.

बटाटा बघा. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतलं. वसई त्यांच्याकडे 1534 ते 1739, म्हणजे दोनशेहून जास्त वर्षं होती. मुंबईही 1661 च्या लग्नाच्या करारात इंग्रजांना देईपर्यंत त्यांचीच. आता शब्दाचा पट्टा पाहा. कोकणीत बटाट, कोकण आणि देशावर बटाटा, गुजरातीतही बटाटाच. सगळा पश्चिम किनारा आणि त्याला लागलेला घाटमाथा. पूर्वेकडे सरकलात की विदर्भात आणि मराठवाड्यात आलू लागतो, आणि पुढे तेलंगणात आलुगड्डा, मध्य प्रदेशात आलू.

पेरूचंही तसंच. 'पेरू' हा पोर्तुगीज 'पेरा', म्हणजे नासपती, यावरून आला असं बहुतेक अभ्यासक मानतात. गोव्यात त्याला पेर म्हणतात. आमच्या नांदेडकडे मात्र तो जाम. तेलुगूत पेरूला 'जाम'च म्हणतात, आणि हैदराबादच्या दखनी उर्दूतही जामच. पूर्व विदर्भात काही ठिकाणी पेरूला बिही म्हणतात. हाच शब्द छत्तीसगडात आणि जबलपूरकडेही ऐकू येतो. युनानी औषधातला 'बिहीदाणा' माहीत असेल, तो याच शब्दातला. फारसीत बिही हे वेगळ्याच, पेरूसारख्या दिसणाऱ्या फळाचं नाव. नवं फळ आलं, लोकांनी ओळखीच्या फळाचं नाव त्याला दिलं. एका फळाची तीन नावं, तीन शेजारी.

मी पहिल्यांदा मुंबईला आलो तेव्हा हातगाडीवाल्याकडे जाम मागितले. त्याने पांढरी, पाणीदार, घंटेच्या आकाराची फळं पिशवीत भरून दिली. कोकणपट्टीत जाम म्हणजे ते. पैसे गेले, पण धडा मिळाला. शब्द एक असला म्हणजे वस्तू एक असतेच असं नाही.

मिरचीला मालवणीत आणि कोकणीत 'मिरसांग' म्हणतात. मिरी अधिक सांग, सांग म्हणजे शेंग. तिखटासाठी आपल्याकडे आधी काळी मिरीच होती. मग हा नवा तिखट जिन्नस शेंगेसारखा दिसला, म्हणून मिरीची शेंग. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी कुणीतरी पहिल्यांदा मिरची हातात घेऊन काय विचार केला असेल, तो या एका शब्दात जसाच्या तसा ठेवलेला आहे. भुईमुगातही तेच, भुईतला मूग. विदर्भात मात्र भुईमुगाच्या शेंगांना फल्ली आणि तेलाला फल्लीतेल. हिंदीची मूंगफली एका बाजूला आणि तेलंगणातली पल्ली दुसऱ्या बाजूला, मध्ये विदर्भ. आणि टोमॅटोला भंडारा-गोंदियाकडे जुनी माणसं भेदरं म्हणतात, हे मुंबई-पुण्यात कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

आता हे सगळं नकाशावर मांडून पाहा. विदर्भाचे आठ जिल्हे 31 ऑक्टोबर 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होते, त्याआधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, राजधानी नागपूर. मराठवाड्याचे तेव्हाचे पाच जिल्हे हैदराबाद संस्थानात, निजामाच्या अमलाखाली, 17 सप्टेंबर 1948 पर्यंत. कोकण, देश, खानदेश मुंबई इलाख्यात. 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला आणि या जुन्या हद्दी कागदावरून पुसल्या गेल्या. पण बाजारात, स्वयंपाकघरात आणि शेतात त्या अजून ऐकू येतात. पासष्ट वर्षांत सरकारला जे पुसता आलं नाही, ते आपण एका पिढीत पुसत आणलंय, ते पुढे सांगतो.

खाण्यापिण्याचं सोडा, कामाचे शब्द घ्या. पिकातलं तण काढण्याचं काम साऱ्या महाराष्ट्रात होतं आणि ते मुख्यतः बायका करतात. कोल्हापूर-सांगली-सातारा भागात त्याला भांगलण म्हणतात. नगरकडे, मराठवाड्यात खुरपणी. कोकणात भातखाचरात बेणणी. खानदेश-विदर्भात निंदणी. गुजरातीत तणाला 'निंदण' म्हणतात आणि छत्तीसगडात या कामाला 'निंदाई' म्हणतात. म्हणजे गुजरातपासून छत्तीसगडपर्यंत एक आडवा पट्टा आहे, आणि आपला खानदेश-विदर्भ त्याच्या बरोबर मध्ये येतो. हा पट्टा कुठल्याही राजाने आखलेला नाही. कुठल्याही सनावळीत तो सापडणार नाही. शेतावर कामाला जाणाऱ्या, लग्न होऊन दुसऱ्या मुलखात गेलेल्या, हंगामात मजुरीला फिरणाऱ्या बायकांनी तो तयार केला असणार. त्यांनी कागदावर काही लिहून ठेवलं नाही. त्यांचा इतिहास असा शब्दांतच शोधावा लागतो.

आणि सरकारी माहितीपत्रकात काय असतं? 'आंतरमशागत'. एका शेतकरी मेळाव्यात मी हे डोळ्यांनी पाहिलंय. साहेब अर्धा तास आंतरमशागतीचं महत्त्व सांगत होते. पुढे बसलेल्या बाया मान डोलवत होत्या. शेवटी एका म्हातारीने शेजारणीला हळूच विचारलं, "हे नवं औषध हाय का वो?" ज्या कामात तिचा जन्म गेला, त्याच कामाचं नाव तिला परकं करून सांगितलं जात होतं.

जमिनीचे शब्द तर थेट राज्यव्यवस्थाच सांगतात. शेताच्या हद्दीला देशावर बांध, विदर्भात धुरा. शेताकडे जाणारी वाट कोल्हापूर-साताऱ्याकडे पाणंद, विदर्भ-मराठवाड्यात पांदण, कोकणात चिऱ्यांच्या पायऱ्यांची पाखाडी. वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी मराठवाड्यात सालगडी, खानदेशात सालदार. गावच्या जमिनीचे कागद ठेवणारा मुंबई इलाख्यात तलाठी, तर नागपूर आणि हैदराबादच्या जुन्या मुलखात पटवारी. आता सरकारने त्याचं नाव ग्राम महसूल अधिकारी केलंय, पण म्हातारी माणसं अजून पटवाऱ्याकडेच जातात. मराठवाड्यात जमिनीचा वाद निघाला की कुणीतरी म्हणतंच, "खासरा काढा." पुण्याकडच्या नव्या वकिलाला सातबारा पाठ असतो, पण खासरा म्हटलं की तो थबकतो. कोकणातल्या म्हाताऱ्याला 'खोत' म्हणून बघा, त्याच्या चेहऱ्यावर सगळी खोती दिसेल.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत 'मामा तलाव' आहेत. नवख्याला वाटतं कुणा मामाचा तलाव. तो आहे 'माजी मालगुजारी तलाव'. मालगुजार म्हणजे मध्य प्रांतात गावचा सारा वसूल करून भरणारा. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि नावात ती सगळी व्यवस्था 'मामा' होऊन बसली. धानाला पाणी कुणी दिलं, तलाव कुणी बांधला, मालकी कशी बदलली, हे सगळं विचारायचं असेल तर सुरुवात त्या दोन अक्षरांपासूनच करावी लागते.

हे शब्द गोळा करण्याचा उद्योग नवा नाही. मोल्सवर्थने मराठी-इंग्रजी कोश 1831 मध्ये काढला, 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीत साठ हजारांच्या आसपास शब्द होते. परका माणूस, पण त्याने कितीतरी शब्दांपुढे 'कोकणातला' अशी नोंद ठेवली. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश 1932 ते 1938 या काळात सात खंडांत निघाला, त्यातही प्रांतिक शब्द भरपूर. 1960 च्या दशकात डॉ. अ. मा. घाटगे यांनी कुडाळी, वारली अशा बोलींचं एकेक पुस्तक करून वर्णन केलं. अलीकडे डॉ. गणेश देवी यांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड 2013 मध्ये अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली आला. आणि डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्थेने गावोगाव फिरून, लोकांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून शब्दांचे नकाशे तयार केलेत, ते सगळ्यांना पाहायला खुले आहेत. नसेल पाहिलं तर जरूर पाहा.

मध्ये एक नाव मुद्दाम ठेवलं, ग्रियर्सनचं. जॉर्ज ग्रियर्सन हा आयसीएस अधिकारी. त्याने हिंदुस्थानातल्या भाषांचं प्रचंड सर्वेक्षण केलं, त्याचा मराठीवरचा सातवा खंड 1905 चा. बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट जागोजागच्या बोलीत करून मागवायची, अशी त्याची पद्धत. काम थोरच. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, खानदेशी त्याने मराठीत न घालता भिल्ल भाषांच्या खंडात घातली. त्यावरून वाद आजही होतात. आणि दुसरी, मद्रास इलाखा, म्हैसूर आणि हैदराबाद संस्थान हे मुलूख त्याच्या सर्वेक्षणाच्या बाहेर होते. हैदराबाद संस्थान बाहेर, म्हणजे आमचा मराठवाडा बाहेर. वऱ्हाडच्या, नागपूरच्या, कोकणच्या माणसाला आपल्या पणजोबाच्या काळची बोली थोडीतरी छापील सापडते. आमच्याकडची त्या काळातली तशी मोजणीच नाही. आमच्यासाठी तो पुरावा फक्त म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात होता. आणि ती माणसं आता भराभर चाललीत.

यावर नेहमीचा आक्षेप येतो. "मग काय प्रत्येकाने आपापल्या बोलीत परीक्षा लिहायची? प्रमाणभाषा नकोच का?" हवी ना. शासन निर्णय, पाठ्यपुस्तक, वर्तमानपत्र यांना एक सामाईक मराठी लागतेच. नांदेडच्या पोराला सावंतवाडीच्या पोराशी बोलायचं तर तीच उपयोगी पडते. पण ती प्रमाण झाली ती जास्त शुद्ध होती म्हणून नव्हे. 1818 नंतर छापखाने, शाळा, कोश, कचेऱ्या यांचं काम मुंबई-पुण्याभोवती उभं राहिलं, म्हणून तिथली, आणि तिथल्याही शिकलेल्या वर्गाची मराठी पुस्तकात गेली. 1967 मध्ये बालभारती झाली आणि तीच सगळ्या राज्याच्या दप्तरात गेली. यात कुणाचा कट नव्हता, पण सगळ्यांचा वाटाही सारखा नव्हता. 'पाणी' म्हणणारा हुशार आणि 'पानी' म्हणणारा अडाणी हा निवाडा भाषेचा नसतो, बोलणाऱ्याच्या जातीचा आणि गावाचा असतो. हे एकदा मान्य केलं की अर्धं भांडण मिटतं.

दुसरी चूक आपण बोलीवाले करतो. एखादा शब्द हाती लागला की "हा बघा थेट संस्कृतातला", "हा बघा कन्नडमधला" असं ठोकून देतो. नुसत्या सारख्या उच्चारावर नातं जोडलं की हसं होतं. एकाच गावात शब्द जातीप्रमाणे, वयाप्रमाणे, बाई-पुरुषाप्रमाणे बदलतात. सोयरिकी लांबच्या असतात, माणसं नोकरीला फिरतात. आता नांदेडातही पोरं बटाटा म्हणतात आणि मुंबईतही आलू पराठाच मिळतो. म्हणून शब्द एकटा उचलून चालत नाही. कुणी म्हटला, कुठे म्हटला, वय किती, कशाला म्हटला, हे सगळं सोबत असेल तरच तो पुरावा होतो.

असं काम करायला मोठा पंडितच लागतो असंही नाही. फ्रान्समध्ये जूल झिल्येराँ नावाच्या अभ्यासकाला देशभरातल्या शब्दांचे नकाशे करायचे होते. त्याने फिरायला निवडला एदमाँ एदमाँत, एक किराणा दुकानदार, कारण त्याचा कान तयार होता. 1897 ते 1901 या काळात तो 639 गावांत गेला आणि एकच प्रश्नावली घेऊन लोकांना विचारत राहिला. त्या नकाशांतून एक गंमत दिसली. नैर्ऋत्य फ्रान्सच्या एका भागात उच्चार घासत घासत 'कोंबडा' आणि 'मांजर' हे दोन्ही शब्द 'गात' असे एकच झाले होते. आता शेतकऱ्याच्या घरात कोंबडा आणि मांजर यांचा घोळ झालेला कसा चालेल? मग लोकांनी कोंबड्याला नवीन नावं दिली, कुठे रानकोंबड्यासारख्या पक्ष्याचं, तर कुठे चक्क गावच्या पाद्रीबाबाच्या हुद्द्यावरून! भाषा का बदलते याचं इतकं सोपं उत्तर ग्रंथालयात बसून मिळालं नसतं. दुकानदाराने गावोगाव जाऊन विचारलं म्हणून मिळालं.

आपल्याकडे तर प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारा फोन आहे. तरी आपण काय करतो? पोरगं आजोळाहून नवा शब्द घेऊन आलं की आधी तो दुरुस्त करतो. मीही केलंय. माझी लेक सुट्टीत गावी राहून आली आणि म्हणाली, "बाबा, जाम आणा ना." माझ्या तोंडून पटकन निघालं, "पेरू म्हण." पाचवीतले गुरुजी माझ्याच घशात बसले होते. माय तिथेच बसली होती, काही बोलली नाही. नंतर तिच्याजवळ वही घेऊन बसलो. दोन संध्याकाळींत चाळीसेक शब्द झाले, अवजारांचे, पावसाचे, दुखण्याचे. त्यातले बरेच मला अर्धवटच माहीत होते, लेकीला एकही नाही. तीन पिढ्या एका घरात, आणि मधल्या पिढीने, म्हणजे मी, दोर कापलेला.

म्हणून एक विनंती. या दिवाळीत, सुट्टीत, जत्रेला गावी जाल तेव्हा घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ बसा. दहा शब्द लिहून घ्या. तण काढणं, शेताची हद्द, शेतवाट, कोरड्या भाकरीसोबतचं कालवण, आत्या, पावसाची झड, चूल पेटवायचं काटूक, काहीही. शब्द, गाव, तालुका, सांगणाऱ्याचं वय, आणि तो शब्द वापरून त्यांनीच बोललेलं एक वाक्य, एवढं पुरे. शक्य तर आवाजही ठेवा. शिक्षक मित्रांनो, वर्गात एकदा फळ्यावर दोन रकाने पाडा, 'पुस्तकात' आणि 'आमच्या घरी'. दुसऱ्या रकान्यातलं काही खोडू नका. पोरं प्रमाण मराठी त्याने कमी शिकणार नाहीत, उलट लवकर शिकतील, कारण घर आणि शाळा यांत त्यांना एकाची निवड करावी लागणार नाही.

सुरुवात इथेच करू. तुमच्याकडे पेरूला काय म्हणतात आणि तण काढायला काय म्हणतात, ते गाव-तालुक्यासह खाली लिहा. फक्त "आमच्याकडे चुकीचं म्हणतात, पण..." अशी सुरुवात करू नका.